इशारा पोहोचला, मग माणसे का वाचली नाहीत?

अमेरिकेतील केंटकी राज्यात मेफील्ड नावाचे जेमतेम दहा हजार वस्तीचे एक गाव आहे. १० डिसेंबर २०२१ रोजी, शुक्रवारी रात्री साडेनऊच्या सुमारास या गावावरून एक टोर्नेडो गेला. आपल्याकडे चैत्र-वैशाखात माळरानावर पालापाचोळा गरगर फिरवीत वावटळ उठते. टोर्नेडो दिसतो तिच्यासारखा, पण त्याची जात निराळी. वावटळ तापलेल्या जमिनीतून वर चढते. टोर्नेडो गडगडाटी मेघाच्या पोटातून खाली उतरतो. मेफील्डवर उतरलेल्या या भोवऱ्यातील वाऱ्याचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात होता. टेनेसी राज्याच्या कोपऱ्यात जमिनीला टेकलेला हा भोवरा सुमारे २६५ किलोमीटर, म्हणजे पुण्याहून निघून सोलापूर ओलांडावे इतके अंतर, जवळजवळ तीन तास धावत राहिला. एकट्या या टोर्नेडोने ५७ बळी घेतले. त्याच रात्री आर्कान्सा, मिसुरी, इलिनॉय, टेनेसी आणि केंटकी या राज्यांत वादळांची रांगच लागली होती. एकूण मृतांची संख्या ऐंशीच्या वर गेली.

निसर्गकोपाच्या बातम्या आपण हळहळत वाचतो आणि पान उलटतो. परंतु या मृतांच्या यादीतील दोन नोंदी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला तेथेच थांबवितात. मेफील्डच्या एका मेणबत्त्यांच्या कारखान्यात नऊ माणसे दगावली; इलिनॉयमधील एडवर्ड्सव्हिल येथे एका बलाढ्य व्यापारी कंपनीच्या गोदामात सहा. ही पंधरा माणसे निर्जन रानात नव्हती, अज्ञानातही नव्हती. ती कामावर होती, आणि वादळ येत असल्याचा इशारा त्यांच्यापर्यंत पोहोचलेला होता. इशारा पोहोचूनही माणूस जागचा का हलत नाही, हा प्रश्न हवामानशास्त्राचा नाही. तो मजुरीचा, घराचा आणि अधिकाराचा आहे.

अज्ञानाकडून ज्ञानाकडे

एक काळ असा होता की, इशारा हीच दुर्मिळ वस्तू होती. १८ मार्च १९२५ रोजी मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून गेलेल्या टोर्नेडोने ६९५ माणसे मारली. अमेरिकेच्या इतिहासातील हा सर्वांत प्राणघातक टोर्नेडो. त्या दिवशी कोणालाही पूर्वसूचना मिळाली नाही. मिळणे शक्यही नव्हते. कारण सरकारी हवामान अंदाजांत ‘टोर्नेडो’ हा शब्द वापरण्यासच १८८० च्या दशकापासून १९३८ पर्यंत मज्जाव होता. शब्द उच्चारला तर लोक घाबरतील आणि वादळापेक्षा घबराटीनेच अधिक हानी होईल, असा त्यामागचा विचार होता. राज्यकर्त्यांना प्रजेच्या अज्ञानापेक्षा तिच्या भीतीची धास्ती अधिक वाटते, याचे हे बोलके उदाहरण म्हटले पाहिजे.

हे चित्र बदलले ते १९४८ साली. ओक्लाहोमातील टिंकर या हवाई तळाला २० मार्च रोजी टोर्नेडोचा तडाखा बसला. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर या दोन लष्करी हवामान अधिकाऱ्यांना नकाशावर तशीच लक्षणे दिसली. त्यांनी धीर करून अंदाज वर्तविला आणि संध्याकाळी तो खरा ठरला. या घटनेचा उल्लेख नेहमी विज्ञानाचा विजय म्हणून होतो, आणि ते योग्यच आहे. पण तिची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. तळाच्या प्रमुखाने अंदाज ऐकला, कामे थांबविली, विमाने सुरक्षित केली आणि माणसे आडोशाला हलविली. ज्याच्या हाती काम थांबविण्याचा अधिकार होता त्यानेच इशारा मानला, म्हणून तो इशारा फळाला आला.

त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत रडार आले, उपग्रह आले, खिशातल्या दूरध्वनीवर सूचना येऊ लागली. १० डिसेंबर २०२१ च्या वादळांबाबतही हवामान खात्याने कुचराई केली असे कोणी म्हणू शकणार नाही. मेक्सिकोच्या आखातावरून ऐन डिसेंबरात वसंतातल्यासारखी उबदार, दमट हवा वर सरकत होती. तिच्यावरून उंच थरांतील जोरकस वारे वाहत होते. उंचीगणिक वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलत गेली की, वर चढणारी हवा स्वतःभोवती फिरू लागते आणि त्या फिरत्या मेघातून टोर्नेडो जन्मतो. ही लक्षणे हेरून धोक्याची पूर्वसूचना दुपारीच देण्यात आली होती. संध्याकाळी भोंगे वाजले. मेफील्डसाठी तर क्वचितच वापरला जाणारा सर्वोच्च आणीबाणीचा इशाराही दिला गेला. ज्ञानाने आपले काम चोख बजावले होते.

मेणबत्त्यांचा हिशेब

कारखान्यात त्या रात्री सुमारे ११० माणसे होती. नाताळ तोंडावर आलेला आणि मेणबत्त्यांना मागणी मोठी. त्यामुळे रात्रपाळी चालू होती. इशाऱ्यानंतर आपण घरी जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा ‘गेलात तर नोकरी जाईल’ असे आपल्याला बजावण्यात आले, असे काही कामगारांनी नंतर वृत्तपत्रांना सांगितले. कंपनीने हा आरोप स्पष्टपणे नाकारला. या वादाचा निकाल देणे हे प्रस्तुत लेखकाचे काम नव्हे. पण क्षणभर कंपनीचेच म्हणणे खरे धरले, तरी मूळ प्रश्न सुटत नाही. धमकी कोणी दिली नसेल. पण ती देण्याची गरज तरी होती काय? केंटकीत कायद्याने ठरविलेले किमान वेतन ताशी सव्वासात डॉलर; या कारखान्यात नव्या कामगाराला मिळत होते आठ डॉलरच्या आसपास. एवढ्या मजुरीवर घर चालविणारा माणूस पाळी अर्धवट सोडताना दहा वेळा विचार करतो. धमकी मुकादमाच्या तोंडून येवो वा न येवो, ती त्याच्या घरभाड्यात आधीच लिहिलेली असते.

आता साधे गणित करू. ११० कामगारांना ताशी आठ डॉलर या दराने एक तासाची मजुरी होते ८८० डॉलर. संध्याकाळी काम बंद करून सर्वांना चार तासांची पूर्ण मजुरी दिली असती, तरी खर्च साडेतीन हजार डॉलरांच्या आसपास गेला असता. उत्पादनाचा खोळंबा वेगळा धरला तरीही, नऊ जिवांच्या तुलनेत ही रक्कम काय आहे? पण बाजारातील हिशेब असा मांडला जात नाही. काम चालू ठेवण्याचा लाभ मालकाच्या खात्यावर जमा होतो आणि धोका कामगाराच्या नावे पडतो; काम सोडण्याचे नुकसानही कामगाराच्याच नावे. एकाचा नफा आणि दुसऱ्याचा जीव अशा दोन वेगळ्या वह्यांत हिशेब लिहिला गेला, की त्यांचा ताळमेळ कधीच बसत नाही. राज्याच्या कामगार सुरक्षा यंत्रणेने पुढे कारखान्यात नियमभंग झाल्याचे नमूद करून सुमारे ४० हजार डॉलरचा दंड प्रस्तावित केला.

एडवर्ड्सव्हिलची कहाणी याहून सूक्ष्म आहे. तेथे मेलेल्या सहाजणांपैकी बहुतेक त्या व्यापारी कंपनीचे थेट नोकर नव्हते. कंत्राटदारांमार्फत घरोघर माल पोचविणारे ते चालक होते. गोदामाच्या ज्या भागात आसऱ्याची जागा ठरलेली होती, तेथे गेलेले लोक वाचले. जे दुसऱ्या टोकाला जमले, त्यांच्यावर उंच काँक्रीटची भिंत कोसळली. केंद्रीय सुरक्षा यंत्रणेने २०२२ मध्ये चौकशी पूर्ण केली, तेव्हा तिला दंड करण्याजोगा नियमभंग आढळला नाही; तिने केवळ सुधारणा सुचविणारे पत्र दिले. म्हणजे सहा माणसे गेली आणि कायदा कोठेही मोडला गेला नव्हता! कायद्याची भिंत किती ठेंगणी आहे, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?

सुटायचे तर कोठे?

याला एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. अमेरिकेत टोर्नेडोचे दर चार इशाऱ्यांपैकी जवळजवळ तीन फुकट जातात. प्रत्येक वेळी यंत्रे बंद ठेवायची तर उद्योग चालावेत कसे? शिवाय वादळात रस्त्यावर मोटार चालविणे हे कारखान्यात थांबण्याहून धोक्याचे असू शकते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण अग्निशामक दलाचा बंबसुद्धा पुष्कळदा विनाकारण धावतो. म्हणून आपण तो मोडीत काढीत नाही. खोट्या इशाऱ्याचा खर्च ही खऱ्या इशाऱ्याची किंमतच आहे. ती कोणी द्यायची, एवढाच प्रश्न उरतो. आणि घराचा रस्ता धोक्याचा असेल, तर कामाच्या जागीच भक्कम आसरा बांधणे हे मालकाचे कर्तव्य ठरते.

घरी जाऊन तरी सुरक्षितता मिळते का, हेही पाहिले पाहिजे. अमेरिकेत कारखान्यात तयार करून जागेवर आणून ठेवलेल्या हलक्या घरांत बरेच अल्प उत्पन्नाचे लोक राहतात. देशातील एकूण घरांत त्यांचे प्रमाण शेकडा सहा-सात. पण टोर्नेडोत राहत्या घरी जे लोक मरतात, त्यांपैकी निम्म्याच्या आसपास याच घरांत मरतात. तळघर असलेल्या पक्क्या घरातील कुटुंबाला दहा मिनिटांची सूचना पुरते. पत्र्याच्या घरातील कुटुंबाला तासाभराची सूचनाही अपुरी पडते, कारण जायचे कोठे हेच ठरलेले नसते. सूचना सर्वांना सारखी मिळते. तिचे मोल मात्र ज्याच्या त्याच्या मालमत्तेनुसार ठरते.

आपल्या दारातील प्रश्न

हे सारे सातासमुद्रापलीकडचे म्हणून सोडून देता येणार नाही. टोर्नेडो आपल्याकडे विरळा. पण तो ज्या गडगडाटी मेघातून जन्मतो, तोच मेघ आपल्या शिवारावर वीज होऊन पडतो. २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसे मेल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात आहे. ही माणसे कोण? बव्हंशी शेतात राबणारी, गुरे राखणारी, पाऊस आला म्हणून झाडाखाली उभी राहिलेली. पुण्याच्या भारतीय उष्णप्रदेशीय हवामानविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ ही सूचनाप्रणाली तयार केली आहे. विजेचा धोका अर्धा-पाऊण तास आधी भ्रमणध्वनीवर कळविण्याची सोय तीत आहे. ही स्पृहणीय कामगिरी आहे. पण सोयाबीन काढणीला रोजाने गेलेली बाई त्या सूचनेचे करील काय? अर्धा दिवस शेत सोडले तर रोज बुडतो. ऊसतोडीच्या फडात तर एका दिवसाच्या खाड्याचा हिशेब उचलीच्या रकमेतून वळता होतो, आणि मुक्कामाला परतावे तर तेथे पाचटाची कोपी. मेफील्डची रात्रपाळी आणि मराठवाड्याचे शिवार यांत अंतर हजारो कोसांचे असले, तरी प्रश्न अक्षरशः एकच आहे.

उपाय फार गहन नाहीत. हवामान खात्याचा तीव्र धोक्याचा इशारा लागू असेतोवर उघड्यावरचे काम थांबविणे हा मजुराचा हक्क मानावा, आणि तो वेळ कामाचाच वेळ समजून त्याची मजुरी मिळावी. काम थांबविले म्हणून कोणाला कामावरून काढता येऊ नये. प्रत्येक कारखाना, वीटभट्टी, बांधकाम आणि फड यांवर काम थांबविण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसावर नावानिशी सोपवावी आणि आसऱ्याची जागा आधी दाखवून द्यावी. हा खर्च मालकाला एकट्याला झेपणारा नसेल तेथे, विशेषतः लहान शेतकऱ्याच्या बाबतीत, शासनाने वाटा उचलावा. आपत्तीनंतर वारसांना मदत देण्यापेक्षा तो खर्च अधिक शहाणपणाचा ठरेल.

अशी तरतूद अव्यवहार्य आहे, असे म्हणणाऱ्यांना महाराष्ट्राचाच इतिहास दाखविता येईल. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी या राज्याला रोजगाराची हमी देणारा कायदा करावयास लावले, आणि १९७७ साली तो संमत झाला. दुष्काळ ही दैवी आपत्ती. पण त्यातून उपासमार होऊ द्यायची की नाही, हे माणसाच्या हाती आहे, हे तत्त्व तेव्हा आपण मान्य केले. वादळाला आणि विजेला हेच तत्त्व लागू करण्यात कोणती अडचण आहे?

१९२५ साली माणसे मेली, कारण त्यांना कोणी सांगितले नव्हते. २०२१ साली त्यांना सांगितले गेले होते. या दोन वर्षांच्या दरम्यान विज्ञानाने आपला वाटा उचलला. समाजाने उचललेला नाही. काम टाकून आडोशाला जाण्याची मुभा आणि त्या वेळेची मजुरी या दोन गोष्टी जोवर इशाऱ्याच्या जोडीला येत नाहीत, तोवर भोंगा कितीही मोठ्याने वाजला, तरी तो सर्वांत आधी ऐकू जाणारा माणूसच सर्वांत शेवटी जागचा हलेल.