रंगाआधी कागद

घर विकायचं ठरलं की आपल्याकडे पहिला फोन जातो रंगाऱ्याला. वकिलाचा नंबर शेवटी, गिऱ्हाईकाने कागद मागितले की मग. माझ्या मते हा क्रम साफ उलटा आहे.

शिरूर-दौंडकडची घरं डोळ्यासमोर आणा. रेल्वेतून रिटायर झालेल्या कुणीतरी दौंडला बांधलेलं बैठं घर. किंवा घोडनदीतलं (शिरूरला जुनी मंडळी अजून घोडनदीच म्हणतात) गल्लीतलं दुमजली घर. पोरं पुण्यात नाहीतर परदेशात. घेणारा बहुतेक वेळा रांजणगाव एमआयडीसीत शिफ्ट करणारा, पीएफ काढून आणि वर लोन करून घर घेणारा. त्याच्याकडे दुसरा चान्स नसतो हो!

आता साफसफाई करूच नका असं मी म्हणत नाही. माळ्यावरच्या ट्रंका, पितळी बंब, वर्षानुवर्षांची रद्दी काढायलाच हवी. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग घासा, गळका नळ बदला. घर मोकळं झालं की खोल्या मोठ्या दिसतात, त्यात फसवणूक काही नाही. फक्त भंगारवाल्याला हाक मारण्याआधी प्रत्येक पिशवी उघडून बघा. जुनं खरेदीखत, घरपट्टीच्या पावत्या, बांधकामाचा मंजूर नकाशा... हे हमखास लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात सापडतं.

गोष्ट बिघडते ती पुट्टीपाशी. भीमेकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर भिंतीला तडा जातो. तो बुजवून वर क्रीम कलर मारला की फोटो झकास. पुढच्या मे महिन्यात तडा परत हजर! आम्ही प्रोग्रामर लोक हे रोज बघतो. आत डेटाबेसमध्ये घोळ आणि क्लायंटला दाखवायला स्क्रीन चकाचक. झाकलेला बग सुटत नाही, दुसऱ्याच्या गळ्यात पडतो इतकंच.

कायदाही काही वेगळं सांगत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ बघा. मिळकतीत किंवा मालकी हक्कात असलेला मोठा दोष, जो विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही सापडणार नाही, तो विकणाऱ्याने सांगायलाच हवा (उलट करार नसेल तर). न सांगणं म्हणजे कायद्याच्या भाषेत लबाडी.

आणि खरी जळमटं भिंतीपेक्षा कागदांत जास्त असतात. वडील जाऊन १० वर्षं झाली तरी वारस नोंद नाही. लाइटबिल अजून आजोबांच्या नावाने. गावठाणातलं घर असलं की ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा पुढे करतात, पण तो कर आकारणीचा कागद, मालकीचा पुरावा नव्हे. सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिका काढा, नसेल तर सातबारा आणि त्यावरचे फेरफार. फेरफाराची नोंद घातली की नोटीस निघते, हरकतींसाठी १५ दिवस असतात. गिऱ्हाईक दारात उभं असताना उरकण्यासारखं हे काम नाही.

सगळ्यात नाजूक भाग बहिणींचा. मृत्युपत्र न करता गेलेल्या वडिलांच्या स्वकष्टार्जित घरात मुलींचा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही तो मुलांइतकाच झाला. तरी आपल्याकडे काय होतं? भाऊबीजेला ताई आली की साडीबरोबर हक्कसोडपत्र पुढे येतं. "नुसती सही आहे गं." ताईने खुशीने हक्क सोडला तर तो तिचा प्रश्न. पण घर किती लाखाला चाललंय हे तिला आधी सांगा, मग विचारा. तिला वाटा हवा असेल तर तो द्या. चार भिंती विकून माहेर तुटलं तर तो सौदा महागच पडला म्हणायचा.

तेव्हा मंडळी, क्रम असा ठेवा. आधी बहिणींशी बोलणं, मग वारस नोंद, मग वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, मग माळा. रंग शेवटी. आणि घर बघायला आलेल्या माणसाला तडा कुठे होता ते स्वतः दाखवा. तो दहा-वीस हजार कमी करून मागेल, मागू दे. बाकीच्या किमतीबद्दल तुमच्या शब्दावर त्याचा भरवसा बसलेला असेल.