थ्रीडी पिनबॉल : स्पेस कॅडेट

'थ्रीडी पिनबॉल : स्पेस कॅडेट' हा मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या अनेक आवृत्त्यांसोबत विनामूल्य मिळणारा संगणकीय खेळ होता. स्प्रिंगच्या दांड्याने उडवलेला गोळा खालच्या दोन फ्लिपरांच्या साहाय्याने उतरत्या टेबलावर खेळता ठेवणे व गुण मिळवणे, हे त्याचे स्वरूप आहे. मूळ खेळ व विंडोजमधील खेळ यांत फरक असल्याने 'खरी आवृत्ती कोणती' हा चाहत्यांमधील जुना वाद आहे. जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशातील जिल्ह्यांच्या अनुभवातून पाहिल्यास या वादाला वेगळा अर्थ प्राप्त होतो.

आवृत्त्या

टेक्सासमधील सिनेमाट्रॉनिक्स या कंपनीने तयार केलेला 'फुल टिल्ट! पिनबॉल' १९९५ साली मॅक्सिसने प्रकाशित केला. त्यात 'स्पेस कॅडेट', 'स्कलडगरी' व 'ड्रॅगन्स कीप' अशी तीन टेबले होती. यांपैकी केवळ 'स्पेस कॅडेट' मायक्रोसॉफ्टने प्रथम 'प्लस! ९५' या संचात व पुढे विंडोज एनटी ४.०, २०००, एमई आणि एक्सपी यांत समाविष्ट केले. मूळ खेळात पडद्याचे तीन आकार निवडता येत आणि एकाच वेळी अनेक गोळे खेळण्याची सोय होती. विंडोजमधील आवृत्तीत या गोष्टी नाहीत.

चाहत्यांची मते

मूळ खेळाचे समर्थक अनेक गोळ्यांचा खेळ, अधिक रेखीव चित्रे व तीन टेबले यांमुळे त्याला परिपूर्ण मानतात. विंडोज आवृत्तीच्या समर्थकांच्या मते एकच टेबल असल्यामुळे त्यावर प्रभुत्व मिळवण्याची ओढ वाढते. दोन्ही गटांची पसंती बहुधा खेळाडूने प्रथम कोणती आवृत्ती पाहिली यावर अवलंबून असते.

खानदेशातील संदर्भ

एक्सपी २००१ साली बाजारात आली. त्याच वर्षी महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली व त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक प्रशिक्षण केंद्रे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. शासकीय नोकरीसाठी हे प्रमाणपत्र उपयोगी असल्याने सर्वसामान्य घरांतील विद्यार्थीही संगणकासमोर बसू लागले. इंटरनेट व स्वतंत्र खेळाची सीडी दोन्ही दुर्मिळ असताना यंत्रात आधीपासूनच असलेला हा खेळ अनेकांचा पहिला संगणकीय खेळ ठरला. 'फुल टिल्ट!' येथे फारसा परिचित नव्हता. त्यामुळे इतरत्र 'अपुरी' म्हटली जाणारी आवृत्ती येथे मूळच मानली गेली.

तथापि खेळाचा मोठा भाग अनेकांच्या लक्षात आला नाही. ठरावीक लक्ष्यांवर गोळा मारून मोहीम निवडणे, उतारावरून गोळा नेऊन ती स्वीकारणे, ती पूर्ण करून 'कॅडेट'पासून 'फ्लीट ॲडमिरल'पर्यंत बढती मिळवणे, अशी त्याची रचना आहे. या सूचना पडद्याच्या उजव्या बाजूस केवळ इंग्रजीत उमटत. मराठी माध्यमात शिकणाऱ्या, घरी अहिराणी बोलणाऱ्या विद्यार्थ्याला त्या वेगाने वाचणे कठीण होते. परिणामी गोळा खाली पडू न देणे एवढाच खेळ उरला. उणीव आवृत्तीत जेवढी होती, त्याहून अधिक ती भाषेत होती.

वगळले जाण्याचे कारण

विंडोज व्हिस्टात हा खेळ नव्हता. मायक्रोसॉफ्टचे अभियंता रेमंड चेन यांनी २०१२ मध्ये सांगितले, की ६४-बिट रूपांतरात टक्कर ओळखणारी गणिते चुकत होती व गोळा वस्तूंच्या आरपार जात होता. जुन्या कोडमध्ये स्पष्टीकरणात्मक टिपा जवळजवळ नसल्याने दोष सापडला नाही. मात्र विंडोज एक्सपीच्या ६४-बिट एक्स६४ आवृत्तीत हा खेळ सुरळीत चालतो. त्यामुळे हे कारण पुरेसे आहे का, यावर मतभेद आहेत.

सद्यस्थिती

२०१४ मध्ये एक्सपीचे साहाय्य थांबले. २०२१ मध्ये एका स्वयंसेवी प्रोग्रामरने मूळ खेळाच्या विश्लेषणातून त्याचा कोड पुन्हा लिहून खुला केला. त्यामुळे तो लिनक्ससह इतर प्रणालींवर चालू लागला. चित्रे व ध्वनी यांच्या फायली मात्र जुन्या खेळातूनच घ्याव्या लागतात आणि त्यांवरील स्वामित्वहक्क संपलेला नाही. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रामला साहित्यकृतीचे संरक्षण आहे. परस्परसुसंगतीसाठी आवश्यक माहिती मिळवण्याची मुभा त्यात असली, तरी संपूर्ण खेळाचे वितरण त्या मुभेत बसतेच असे नाही.

एका पिढीच्या संगणक-परिचयाचे हे साधन अशा रीतीने स्वयंसेवकांच्या कामावर व अनिश्चित कायदेशीर स्थितीवर टिकून आहे. दुसरीकडे, कोड खुला असल्याने सूचनांचे मराठी किंवा अहिराणी भाषांतर तांत्रिकदृष्ट्या शक्य झाले आहे. तसे झाल्यास खानदेशातील खेळाडूला दोन दशकांपूर्वीच्या या खेळाचा न कळलेला भाग प्रथमच वाचता येईल.