सागराकडून काय घ्यावे?

समुद्रतळाशी खडकाला चिकटून राहणाऱ्या स्पंजाला पळता येत नाही की झुंजता येत नाही. तरीही तो टिकून आहे. कारण त्याच्या शरीरातील विषारी द्रव्ये शत्रूला दूर ठेवतात. अशीच काही द्रव्ये कर्करोगाच्या पेशींची वाढही रोखतात, असे आढळून आले आणि शास्त्रज्ञांचे लक्ष सागराकडे वळले. कॅरिबियन समुद्रातील स्पंजाच्या द्रव्यांवरून सुचलेल्या सायटाराबिनला १९६९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरले जाते.

परंतु औषध सापडले म्हणून समुद्र उपसता येत नाही. १९८६ मध्ये जपानी संशोधकांना ६०० किलो स्पंजातून हॅलिकोंड्रिन बी हे द्रव्य अवघे १२.५ मिलिग्रॅम मिळाले. मार्ग दाखवला तो रसायनशास्त्राने. हार्वर्ड विद्यापीठात योशितो किशी यांच्या गटाने १९९२ मध्ये हा रेणू प्रयोगशाळेत घडवला. पुढे त्याचा गुणकारी भाग तेवढा राखून एरिबुलिन हे सुटसुटीत औषध तयार झाले. २०१० मध्ये अमेरिकेत प्रगत स्तनकर्करोगासाठी ते मान्य झाले.

सह्याद्रीची कहाणी मात्र वेगळी आहे. मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. तेच द्रव्य सह्याद्रीतील नरक्या या झाडातही आहे. त्यापासून औषधे बनवताना मूळ द्रव्य वनस्पतींतून घेतले जात असल्याने नरक्यावर कुऱ्हाड चालली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. निसर्गाकडून वस्तू नव्हे, तर रचना घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. मग प्रयोगशाळेतच सारे घडत असेल, तर स्पंज आणि प्रवाळ जपावेत कशाला, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. हॅलिकोंड्रिनसारखी गुंतागुंतीची रचना कोणा रसायनतज्ज्ञाला आधी सुचली नव्हती; ती स्पंजात सापडली. नक्कल करायलाही अस्सल हाती असावे लागते. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून समुद्राचा अभ्यास करीत आहे. परंतु अभ्यासापूर्वीच एखादा जीव नष्ट झाला, तर त्याच्यासोबत कदाचित एखाद्या रुग्णाचे औषधही जाईल. म्हणून किनारा स्वच्छ राखणे हे केवळ सौंदर्याचे काम नव्हे. ते आरोग्याचेही काम आहे.