जमिनीची भूक आणि पेटलेले पाचट

उसाच्या पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला, की संध्याकाळच्या वेळी रस्त्याने जाणाऱ्याला एक दृश्य हटकून दिसते. ऊस कारखान्याला गेलेला असतो, वाढे जनावरांच्या पुढ्यात पडलेले असते आणि मोकळ्या झालेल्या रानात पाचट धडाडून पेटलेले असते. बघता बघता रान काळेभोर होते आणि शेतकरी खोडव्याच्या तयारीला लागतो. दिवाळीच्या सुमारास दिल्लीची हवा कोंदली, की पंजाब-हरियाणातील भाताचे काड देशभर गाजते. आपल्याकडच्या धुरापुढे राजधानीचे नाक नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही, एवढाच फरक.

पण प्रश्न धुराचा कमी आणि मातीचा अधिक आहे. एक हेक्टर उसातून आठ ते दहा टन पाचट मिळते. त्यात साधारण अर्धा टक्का नत्र, ०.२ टक्क्यापर्यंत स्फुरद, एक टक्क्याच्या आसपास पालाश आणि २८ ते ३० टक्के सेंद्रिय कर्ब असतो. म्हणजे हेक्टरी ४० ते ५० किलो नत्र आणि ७५ ते १०० किलो पालाश शेतातच पडलेले असते. काडी ओढली, की त्यातला कर्ब आणि नत्र जवळजवळ सगळा हवेत जातो. राखेत उरतो तो थोडा पालाश आणि स्फुरद, तोही वाऱ्याने उडाला नाही तर! आणि मग हाच शेतकरी सोसायटीच्या दारात खताच्या गोणीसाठी रांगेत उभा राहतो.

मातीचे पोट

शेतजमीन म्हणजे नुसता दगडाचा भुगा नव्हे. तिच्यात असंख्य जिवाणू, बुरशी आणि गांडुळे नांदत असतात. त्यांचे अन्न म्हणजे सेंद्रिय कर्ब. हा कर्ब मातीच्या कणांना एकत्र बांधतो, पाणी धरून ठेवतो आणि आपण घातलेले खत मुळांच्या आवाक्यात ठेवतो. तो घटला, की काळी जमीन ओली झाल्यावर चिखल आणि वाळल्यावर दगड होऊन बसते, वाफसा लवकर येत नाही आणि दिलेले खत पिकाला लागू पडत नाही. मातीत अर्धा टक्काही सेंद्रिय कर्ब नसेल, तर माती परीक्षणाच्या अहवालात त्या जमिनीपुढे ‘कमी’ असा शेरा पडतो. आपल्या उष्ण हवामानात हा कर्ब झपाट्याने जळतो. त्यामुळे तो एकदा भरून भागत नाही, दरवर्षी भरावा लागतो.

पूर्वी हे काम गोठ्याने केले. पण बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली, जनावरे कमी झाली, शेणाच्या गोवऱ्या चुलीत गेल्या आणि उरलेले शेण उघड्या उकिरड्यावर उन्हापावसात निःसत्त्व झाले. शेणखत महाग झाले आणि मिळेनासेही झाले. अशा वेळी शेतात हक्काचा उरतो तो पिकाचाच अवशेष : पाचट, सोयाबीनचे भुसकट, गव्हाचे काड, तुरीच्या तुऱ्हाट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या.

इंदूर ते पुसद

या अवशेषांचे खत करण्याची शास्त्रशुद्ध रीत आपल्याला परदेशातून आणावी लागलेली नाही. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत होते. काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठराविक दिवसांनी उलटून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत त्यांनी तेथे बसवली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. १९३१ साली यासंबंधी जे पुस्तक निघाले, त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे, हे मात्र आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते.

पुढे पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांचे, भिंतीत झरोके ठेवलेले टाके सुचवले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘नाडेप’ म्हणतात. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशा टाक्यात सुमारे चौदाशे ते पंधराशे किलो काडीकचरा, जवळपास तितकीच किंवा थोडी अधिक माती आणि केवळ शंभर किलोच्या आसपास शेण लागते. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. थोड्या शेणात पुष्कळ खत, हे या पद्धतीचे मर्म. एखादीच गाय असलेल्या कुटुंबालाही ती परवडते.

युरिया शत्रू की सोबती?

इथे नेहमीचा वाद उभा राहतो. रासायनिक की सेंद्रिय? हॉवर्ड स्वतः पुढील काळात रासायनिक खतांचे कडवे टीकाकार झाले. पण कुजण्याची क्रिया नीट पाहिली, तर ही दोन्ही खते एकमेकांची वैरी राहत नाहीत. काडात कर्ब भरपूर आणि नत्र फार थोडे असते. कुजवणाऱ्या जिवाणूंना मात्र दोन्ही लागतात. सुमारे पंचवीस-तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असेल, तर त्यांचे काम सुरळीत चालते. सुके काड तसेच जमिनीत गाडले, तर नत्राची तूट हे जिवाणू मातीतून भरून काढतात. पीक काही आठवडे पिवळे पडते आणि शेतकरी म्हणतो, काडीकचरा बाधला!

म्हणूनच कृषी विद्यापीठाची शिफारस अशी, की एक टन पाचटाला आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट आणि एक किलो पाचट कुजवणारे जिवाणू द्यावेत. दुधाला विरजण लावावे तसे हे जिवाणूंचे विरजण. पाचट सरीत दाबून त्यावर हे टाकले आणि पाणी दिले, की तीन-चार महिन्यांत ते रानातच कुजते. दहा टन पाचटाला युरियाच्या दोन गोण्याही पुरत्या लागत नाहीत. हा युरिया वाया जात नाही. जिवाणूंच्या शरीरात तो ठेवीसारखा राहतो आणि पुढे हळूहळू पिकाला मिळतो. शिवाय पाचटाच्या आच्छादनाने ओल टिकते, तण दबते आणि पाण्याची पाळी लांबते.

नुसत्या सेंद्रिय खतावर भागेल का, याचा हिशेब साधा आहे. ४५ किलो युरियाच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. चांगल्या कुजलेल्या एक टन शेणखतात ते पाच किलोच्या आसपास. म्हणजे एका गोणीच्या बदल्यात चार टन शेणखत. इतके आणायचे कोठून? श्रीलंकेने २०२१ च्या एप्रिलमध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भात आणि चहा दोन्ही कोलमडले आणि नोव्हेंबरमध्ये सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला.

पण दुसरे टोकही तितकेच घातक. १९९२ मध्ये केंद्राने स्फुरद आणि पालाशयुक्त खतांवरील नियंत्रण उठवले. ती खते कडाडली, युरिया स्वस्त राहिला. देशातील नत्र, स्फुरद, पालाश यांचे प्रमाण एका वर्षात ५.९ : २.४ : १ वरून ९.५ : ३.२ : १ वर गेले, सर्वसाधारणपणे ४ : २ : १ हे योग्य मानतात. २०१० च्या पोषणमूल्याधारित अनुदानातूनही युरिया बाहेरच राहिला. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे दीर्घकालीन खत प्रयोग १९७० पासून चालू आहेत. नुसते नत्र दिलेल्या जमिनी थकत जातात आणि संतुलित रासायनिक खतांबरोबर शेणखत दिलेल्या जमिनी टिकून राहतात, हे त्यांचे सांगणे आहे.

जाळणाऱ्याची बाजू

मग शेतकरी पाचट का जाळतो? तो अडाणी आहे म्हणून नव्हे. सरीत पाचट असले, की पाणी पुढे सरकत नाही, मशागतीला अडथळा होतो, उंदीर-सापांची भीती असते. बुडखे छाटायला आणि पाचट सरीत लावायला माणसे लागतात. ती मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. काडेपेटी मात्र रुपया-दोन रुपयांत मिळते. रान बटाईने असेल, तर पाच वर्षांनी सुधारणाऱ्या मातीसाठी यंदा खर्च कोणी करायचा? कपाशीच्या पऱ्हाटीत तर गुलाबी बोंडअळी दडते, म्हणून ती बांधावर पडू देणेही धोक्याचे. तिचे बारीक तुकडे करून ढिगात नीट तापवून कुजवली, तरच अळी मरते आणि खतही मिळते. त्यासाठी यंत्र हवे.

म्हणजे अडचण ज्ञानाची कमी आणि सोयीची अधिक आहे. सरकारने २०१५ मध्ये मृदा आरोग्य पत्रिका दिली, २०२३ मध्ये शेण आणि अवशेषांपासून बायोगॅस करताना मिळणाऱ्या सेंद्रिय खताला टनामागे दीड हजार रुपयांचे साहाय्य जाहीर केले. ही पावले योग्यच. पण जो शेतकरी आपल्याच रानात पाचट कुजवतो, त्याच्या घामाला कोणता दर आहे? युरियाच्या प्रत्येक गोणीमागे सरकार तिच्या विक्रीच्या किमतीहून कितीतरी अधिक रक्कम सोसते. त्यातला छोटा हिस्सा पाचट कुट्टीची यंत्रे, जिवाणूंचा पुरवठा आणि बुडखे छाटण्याची मजुरी यांकडे वळवता येणार नाही का? तोडणी आणि वाहतुकीची यंत्रणा उभी करणाऱ्या साखर कारखान्यांनी गटागटाला एक कुट्टी यंत्र फिरवले, तर ते ओझे फार मोठे नाही. त्यांचा उद्याचा ऊसही याच मातीतून यायचा आहे.

शहरातल्या वाचकाला हा विषय दूरचा वाटेल. पण त्याच्या ताटातली भाकरी, चहातली साखर आणि धरणातले पाणी या मातीशीच बांधलेले आहे. कर्ब गमावलेली जमीन अधिक पाणी मागते, अधिक खत मागते आणि त्याची किंमत शेवटी सगळेच मोजतात. माती एका हंगामात मरत नाही, म्हणून तिच्या मरणाची कोणी दखल घेत नाही. ती एका हंगामात सुधारतही नाही. म्हणूनच येत्या हंगामात रिकाम्या झालेल्या प्रत्येक रानात पाचट पेटणार की कुजणार, हा प्रश्न त्या शेतकऱ्याचा एकट्याचा राहत नाही.