सवड नसलेल्या घरातील पंचमहायज्ञ

आश्विन वद्य द्वादशीस, गोधूलिवेळी, सवत्स धेनूच्या पूजनाने आपल्या दीपोत्सवाचा आरंभ होतो. लक्ष्मीपूजन पुढे येते, बलिप्रतिपदा आणि भाऊबीज त्याहूनही पुढे. पहिला मान मिळतो तो वासराला पाजणाऱ्या गायीला. त्या दिवशी अनेक घरांतून गृहिणी दूध, दही, तूप आणि गहू वर्ज्य करतात. बाजरीची भाकरी आणि गवारीच्या शेंगांची भाजी खाऊन व्रत पाळले जाते. एक दिवस तरी वासराच्या वाट्याचे दूध वासरालाच मिळावे, असा अर्थ या व्रतात आपल्याला सहज वाचता येतो. सणाच्या या पहिल्याच दिवशी आई, मूल आणि मुके जनावर अशी तिघे एकत्र पूजेस बसविली आहेत, हे ध्यानी घेऊन आजच्या एका प्रश्नाकडे वळावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

कीर्तन संपून आरती झाली, बुक्का लावून झाला, की काही मंडळी हमखास थांबतात. त्यांत अलीकडे तरुण दांपत्ये पुष्कळ असतात आणि त्यांचे गाऱ्हाणे बहुधा एकच असते. “बुवा, देवधर्म करावासा वाटतो, पण सवडच होत नाही. सकाळी मुलांचे डबे, शाळेची बस, आमची नोकरी. संध्याकाळी एकाला पोहण्याच्या वर्गाला सोडायचे, दुसरीला तबल्याच्या. मध्येच घरच्या कुत्र्याला फिरवून आणायचे. देवापुढे बसावे तरी केव्हा?” घरातली वडीलधारी माणसे यावर म्हणतात, “कुत्र्याला वेळ आहे, चित्रे काढायला वेळ आहे, देवालाच तेवढा नाही!” अशा घरात दिवाळी आली की दिव्यांबरोबर कुरबुरीही उजळतात. एका बाजूस अपराधी भाव साचतो, दुसऱ्या बाजूस रुसवा. या ओढाताणीत काही घरांतला कुळाचार पार बंद पडतो.

आमचे स्पष्ट मत असे, की हा प्रश्नच मुळात चुकीच्या रीतीने मांडला जातो. देवघरातील अर्धा तास म्हणजे धर्म आणि उरलेले साडेतेवीस तास म्हणजे धर्मातील व्यत्यय, अशी वाटणी आपल्या शास्त्रकारांनी केलेली नाही. गृहस्थाला त्यांनी नित्याचे पाच महायज्ञ सांगितले. ब्रह्मयज्ञ म्हणजे अध्ययन-अध्यापन, पितृयज्ञ म्हणजे तर्पण, देवयज्ञ म्हणजे होम, भूतयज्ञ म्हणजे प्राणिमात्रांस अन्नाचा वाटा आणि मनुष्ययज्ञ म्हणजे अतिथीचा सत्कार. पाचांतील एकच देवापुढचा आहे. मुलाला शिकविणे, वाडवडिलांचे स्मरण ठेवणे, मुक्या जिवाला घास घालणे आणि दारी आलेल्याला पाणी विचारणे या चारही गोष्टींना यज्ञाचीच प्रतिष्ठा दिलेली आहे.

या यज्ञांचे कारणही मनुस्मृतीने मोठे मार्मिक सांगितले आहे. चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाघरची पाच वधस्थाने, ‘पंचसूना’. स्वयंपाक करताना, केर काढताना, पाणी भरताना नकळत किती जीव जातात, याचा हिशेब ठेवून त्याच्या निष्कृतीसाठी हे यज्ञ सांगितले. म्हणजे गृहस्थ हा सदैव धावपळीत असणार, त्याची चूल सतत पेटलेली असणार, त्याच्या घरी केर निघणार, हे शास्त्रकारांस पुरते ठाऊक होते. त्यांनी रिकामटेकड्यासाठी धर्म लिहिला नाही. उखळाच्या जागी आज वीजयंत्र आले आणि केरसुणीच्या जागी दुसरे काही आले, तरी हिशेब बदलत नाही.

आता त्या वादग्रस्त कुत्र्याविषयी. घरात कुत्रा असणे धर्मास मान्य आहे काय, असा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला जातो. वैश्वदेवात कुत्र्याला बली आहे, कावळ्याला आहे, कृमिकीटकांनाही आहे. परंतु तो जमिनीवर, बाजूला ठेवावयाचा असतो. श्वानास शास्त्राने शुद्ध मानलेले नाही, हे खरे आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. नैवेद्याचे ताट, सोवळ्यातील पाणी, देवघराचा उंबरा येथपर्यंत त्याने येऊ नये, ही शौचाची मर्यादा घराने जरूर पाळावी. त्याला लस टोचून घ्यावी, स्वच्छ ठेवावे. पण शौच निराळे आणि क्रौर्य निराळे. हा भेद महाभारताने दोन टोकांस दोन कुत्रे उभे करून दाखविला आहे.

आदिपर्वाच्या आरंभी पौष्यपर्वात जनमेजयाच्या यज्ञाची कथा येते. कुरुक्षेत्री सत्र चालले असता देवशुनी सरमेचा पुत्र तेथे आला आणि राजाच्या भावांनी त्याला मारून हाकलले. तो रडत आईकडे गेला. आईने विचारले, “तू काही अपराध केलास का?” त्याने सांगितले, मी हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, त्याला तोंडही लावले नाही. सरमा यज्ञमंडपात आली आणि निरपराध मुलाला का मारले असे विचारू लागली. कोणापाशीच उत्तर नव्हते. तेव्हा अकल्पित भय प्राप्त होईल असा शाप तिने दिला आणि राजा चिंतेत पडला. ग्रंथाच्या दुसऱ्या टोकास, महाप्रास्थानिक पर्वात, युधिष्ठिरासाठी स्वर्गाचा रथ येऊन उभा राहतो. इंद्र कुत्र्याला सोडून चल म्हणतो आणि धर्मराज नकार देतो. जो भक्तीने मागोमाग आला त्याला टाकून मिळणारा स्वर्ग त्याला नको असतो. तो श्वान म्हणजे साक्षात धर्म होता, हे पुढे उलगडते. श्वानाच्या अशुद्धीची आठवण इंद्रानेही करून दिली होती, हे विसरू नये. युधिष्ठिराने ती खोडून काढली नाही. आश्रिताचा त्याग त्याहून मोठे पाप आहे, एवढेच त्याने सांगितले.

यावर एखादा बहुश्रुत वाचक म्हणेल, “मग भरतराजाचे काय?” प्रश्न रास्त आहे. भागवताच्या पंचम स्कंधात ऋषभदेवांचा पुत्र भरत राज्य सोडून गंडकीच्या तीरी तप करू लागला. सिंहाच्या गर्जनेने भ्यालेल्या गरोदर हरिणीचे पाडस प्रवाहात पडले, ते त्याने वाचविले, वाढविले आणि अंतकाळी त्याचेच चिंतन राहिल्याने त्याला हरिणाचा जन्म आला. पाळीव प्राण्याच्या लळ्याविरुद्ध ही कथा नेहमी पुढे केली जाते. पण ती सावकाश वाचावी. बुडणाऱ्या पाडसाला वाचविले हा भरताचा दोष कथेने म्हटलेला नाही. दोष पुढे आला. पाडसाच्या कौतुकात त्याचे यम-नियम आणि भगवंताची पूजा एकेक करून सुटत गेली. ममतेचे माप सुटले, तेथे पतन झाले. म्हणून ज्या घरी कुत्र्याचा वाढदिवस थाटाने होतो आणि त्याच घरी आजीच्या औषधाची वेळ कोणाच्या ध्यानात राहत नाही, त्या घराने ही कथा आपल्यासाठी आहे असे समजावे. ज्या घरी दोन्ही होते, त्याने भिण्याचे कारण नाही.

भूतयज्ञाच्या नावाखाली जे चालते ते सर्वच यज्ञ नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पिंजऱ्यात पोपट ठेवून त्याच्याकडून देवाचे नाव वदवून घेण्याची हौस भाविक घरांत फार जुनी आहे. परंतु आपल्या रानातील पोपट पकडून पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. आणि कायद्याची गोष्ट बाजूला ठेवली तरी, ज्याचे आकाश काढून घेतले त्याच्या मुखातील नामाचे पुण्य कोणाच्या खाती जमा व्हावे? दुसरी गोष्ट, पाडव्याची भेट म्हणून पिल्लू आणण्याची. पिल्लू दोन महिने खेळणे असते आणि पुढे दहा-बारा वर्षे कुटुंबीय असते. मोठे झाले, खर्च वाढला, मुलाचा उत्साह संपला म्हणून त्याला गावाबाहेर सोडून येणारी सुशिक्षित घरे आहेत. जनावराला असे उपाशी टाकून देणे १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे आणि युधिष्ठिराच्या धर्माने तर आश्रितत्याग आहे. ज्याला बारा वर्षांचे व्रत झेपणार नाही, त्याने दारातल्या चिमण्यांसाठी पाणी ठेवावे. तोही भूतयज्ञच होय.

तिसरी गोष्ट फटाक्यांची. माणसाच्या कानाला जे आवाज पोहोचतच नाहीत, तेही कुत्र्यामांजरांना ऐकू येतात. आपल्याला जो बार गमतीचा वाटतो, त्याने ती पलंगाखाली थरथरत बसतात, रस्त्यावरची भेदरून कोठल्या कोठे पळतात. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ रोजी दिवाळीच्या फटाक्यांना रात्री ८ ते १० ही वेळ घालून दिली, तेव्हा धर्मावर घाला आला असे काहींनी म्हटले. वसुबारसेला वासराची पूजा करणाऱ्याने तिसऱ्या दिवशी गोठ्याशेजारी सुतळी बाँब लावू नये, हे सांगावयास न्यायालयाची गरज पडावी, याचेच आम्हाला वैषम्य वाटते. दीपावली हा दिव्यांचा उत्सव आहे. आवाजावाचून त्याचे काही अडत नाही.

आता मुले आणि त्यांचे छंद. कलांविषयी आपल्या परंपरेचा दृष्टिकोन कोता नव्हता. वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत गीत, वाद्य, नृत्य आहेतच. पण माळा गुंफणे, कोडी घालणे, सुतारकाम, वृक्षांची निगा आणि मुलांची खेळणी करणे हेही आहे. सांदीपनींच्या आश्रमात रामकृष्णांनी चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला आत्मसात केल्या असे भागवत सांगते. आजच्या पालकांस ही कथा फार आवडते, कारण एवढ्या वेगाने शिकविणारा वर्ग त्यांना हवा असतो! पण हा प्रसंग दशम स्कंधाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात येतो. त्याआधी अध्यायामागून अध्याय बाळकृष्ण वासरे राखतो, शिदोरी वाटून खातो, यमुनेत डुंबतो, सवंगड्यांशी भांडतो. व्यासांनी खेळाला आधी आणि पुष्कळ जागा दिली. आपण मात्र पाच वर्षांच्या मुलाला आठवड्यास चार वर्ग लावतो आणि छंदालाही परीक्षा, प्रमाणपत्र आणि स्पर्धा चिकटवितो. मग आईबाप वाहनचालक होतात आणि मूल प्रवासी. असा छंद ब्रह्मयज्ञ होत नाही, तो दुसरी शाळा होतो.

खरा छंद कसा असतो हे दिवाळीच दाखविते. अंगणात मुले माती कालवून किल्ला करतात, अळीव पेरून त्यावर हिरवळ उगवतात, मावळे मांडतात. वडील कामट्यांचा आकाशकंदील बांधतात, आई आणि लेक ठिपक्यांची रांगोळी काढतात. यात बक्षीस नसते, पण हात एकमेकांना लागलेले असतात. आठवड्यातील एक वर्ग कमी करून ती एक संध्याकाळ अशी घरात घालवावी, एवढीच आमची सूचना आहे.

एक गोष्ट अधिक परखडपणे सांगावयाची आहे. ‘आम्हाला सवड नाही’ असे घर म्हणते, तेव्हा बहुधा ती सवड घरातील एकाच व्यक्तीची संपलेली असते. डबा तिने करावयाचा, कुत्र्याचे भांडे तिने धुवावयाचे, फराळ तिने, सोवळेही तिनेच सांभाळावयाचे. बाकीच्यांनी यज्ञाचे पुण्य घ्यावे आणि श्रम मात्र एकीचे, हे कोणत्या शास्त्रात बसते? यज्ञाला यजमान सपत्नीक बसतो. पंचमहायज्ञ हे गृहाचे आहेत. मुलाने मुक्या जिवाचे पाणी भरावे, वडिलांनी अभ्यास घ्यावा, आजोबांनी गोष्ट सांगावी, आणि सांजवात लावताना सर्वांनी दोन मिनिटे एकत्र उभे राहावे. अशा घरात देवासाठी वेगळी सवड काढावी लागत नाही.

ती गोष्ट कोणती सांगावी, असे आजोबांनी विचारले तर पंचतंत्रातील ब्राह्मणीची आणि मुंगसाची सांगावी. बाळाला पाळण्यात ठेवून आई पाण्याला गेली, बापही घराबाहेर पडला. घरच्या मुंगसाने बाळाजवळ आलेला साप मारला आणि रक्ताने माखलेल्या तोंडाने ते आईला सामोरे धावले. आईने विचार केला नाही. हातातला घडा त्याच्यावर टाकला. विष्णुशर्म्याने ही कथा ‘अपरीक्षितकारक’ तंत्रात घातली, म्हणजे न पाहता, न तपासता केलेल्या कृत्यांत. आजच्या घराला भय दुष्टपणाचे नाही, या घाईचे आहे. मूल काही सांगावयास येते, जनावर शेपूट हलवीत येते, म्हातारी हाक मारते, आणि आपण हातातला घडा टाकून मोकळे होतो.

वाचकहो, या दीपावलीत पहिली पणती लावण्यापूर्वी घरातील प्रत्येक जिवाचे जेवण झाले ना, एवढे पाहावे. मग निश्चिंत मनाने देवापुढे बसावे. आपल्या घरी गाय-वासराचे वात्सल्य, मुलांचा खेळ आणि वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद अखंड नांदो, हीच सर्वसाक्षी नारायणाच्या चरणी प्रार्थना.