जुना कॉम्प्युटर विकताना बोजा उतरवून द्या



छाटणी अर्ध्यावर आलीय. सकाळी पेस्ट लावणारी माणसं येतात, दुपारी मी मोकळा. आज मात्र बागेबद्दल नाही, घरातल्या कॉम्प्युटरबद्दल लिहितो. गेले पंधरा दिवस त्यानं करप्यापेक्षा जास्त डोकं खाल्लं.

फवारणीच्या नोंदी वहीत ठेवायचो. कोणतं औषध, किती, कोणत्या तारखेला, तोडणीला किती दिवस राहिले. माल बाहेर पाठवायचा तर नमुना तपासतात आणि नोंद मागतात. वही एकदा पावसात भिजली, तेव्हा सूनबाई म्हणाली, नाना, कॉम्प्युटर घेऊ. नाशिकहून ९ हजाराला जुना घेतला. आधी कुठल्याशा ऑफिसात होता.

चालू केला आणि कोपऱ्यात 'टिंग' वाजलं. "तुमचे संरक्षण संपले आहे, नूतनीकरण करा." दहा मिनिटांनी परत टिंग. जुन्या ऑफिसनं टाकलेलं अँटिव्हायरस होतं, मुदत संपून दोन वर्षं झालेली. आमच्या देवळाली कॅम्पच्या पट्ट्यात तोफखान्याचा सराव चालतो, खिडक्या हादरतात, आम्ही मान वर करत नाही. पण त्या टिंगनं जीव नकोसा केला. वर मशीन बैलगाडीसारखं चाले आणि बँकेचं पान उघडूच देईना.

काढायला गेलो. कंट्रोल पॅनल, प्रोग्राम, अनइन्स्टॉल. पासवर्ड मागितला. कोणाचा? जुन्या ऑफिसातल्या माणसाचा. त्याचा फोल्डर हातानं उडवायला गेलो तर परवानगी नाही म्हणे. दुकानात फोन केला तर म्हणाले, आमचं काम मशीन विकायचं, सॉफ्टवेअरचं आम्हाला माहीत नाही, आणा, वेगळे पैसे पडतील.

आता हे सॉफ्टवेअर एवढं हट्टी का, ते समजून घेतलं तेव्हा माझा राग थोडा कमी झाला. व्हायरस मशीनमध्ये शिरला की आधी राखणदारालाच मारायला बघतो. म्हणून ह्या राखणदाराला विंडोजच्या पार आतल्या थरात बसवलेलं असतं, आणि त्याची फाईल कुणी हलवायला गेलं की तो अडवतो. ऑफिसात कामगारानं परस्पर बंद करू नये म्हणून वरून पासवर्ड. म्हणजे तो त्याचं काम चोख करतोय. मालक बदलला हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

ही चूक सॉफ्टवेअरची नाही, विकणाऱ्याची आहे. माझं म्हणणं एवढंच आहे.

आपल्याकडं जमीन घेताना पहिलं काय बघतो? सातबारा. इतर हक्कात सोसायटीचा बोजा दिसला की व्यवहार थांबतो. कर्ज फिटलेलं असलं तरी नुसतं तोंडी चालत नाही. दाखला आणा, तलाठ्याकडं द्या, फेरफार होऊ द्या, बोजा कमी झालेला दिसू द्या, मग इसार. विकणाऱ्यानंच ते करून द्यायचं असतं. मग कॉम्प्युटर विकताना जुन्या मालकाचं कुलूप तसंच ठेवून कसं चालेल?

कुणी म्हणेल, ९ हजारात अजून काय पाहिजे. बरं. पण पुढं काय झालं ते ऐका.

मी मोबाईलवर शोधलं, अँटिव्हायरस कसं काढायचं. एक नंबर मिळाला, कंपनीचं नाव लावलेला. फोन लावला. माणूस गोड बोलला. म्हणाला, एक ॲप टाका, मला तुमची स्क्रीन दिसेल, मी इथून काढून देतो. टाकलं. मग म्हणाला, फक्त १० रुपये भरायचेत, बँकेचं पान उघडा. मी पासवर्डची चिठ्ठी शोधायला लागलो. तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली, म्हणाली, "नाना, फोन ठेवा आधी." आणि तिनं सरळ वायरच उपसली. त्या खात्यात पीक कर्जाची रक्कम होती, छाटणीची मजुरी आणि औषधाची उधारी द्यायची. दोन मिनिटं उशीर झाला असता तर हा हंगाम तिथंच संपला होता.

दुसऱ्याच्या राहिलेल्या कुलपामुळं मी चोराच्या दारात गेलो. माझी चूक होतीच, पण मला त्या वाटेला लागावं का लागलं?

आणि कुलपाची गंमत बघा. राखणदार निघत नव्हता, पण डी ड्राईव्ह सताड उघडा. त्यात त्या ऑफिसातल्या माणसांचे पगार, पॅनकार्डाचे फोटो. मी पुसून टाकले. सगळेच पुसतील असं नाही. म्हणजे बोजा उतरवणं विकणाऱ्याच्याही फायद्याचं आहे.

दुकानदार म्हणतात हे आमचं काम नाही. त्यांना एक आठवण देतो. पुण्याचं क्विक हील सगळ्यांना माहीत आहे. (माझ्या मशीनवरचं ते नव्हतं, गैरसमज नको.) ते उभं करणारे कैलाश काटकर सातारा जिल्ह्यातले, माझ्यासारखेच दहावी. कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कॉम्प्युटर दुरुस्तीत आले. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस असायचे, म्हणून धाकटे बंधू संजय यांनी ते साफ करायचा प्रोग्राम लिहिला. १९९५ च्या सुमाराची गोष्ट. २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात गेली. म्हणजे हा धंदा गिऱ्हाइकाचं मशीन साफ करून देण्यातूनच जन्मला. मग साफ करून देणं दुकानाचं काम नाही असं कसं म्हणता?

शेवटी काढलं कसं ते सांगतो, कुणाच्या उपयोगी पडेल.

१. ज्या कंपनीचं अँटिव्हायरस आहे तिच्याच अधिकृत साईटवर जा. बहुतेक मोठ्या कंपन्या काढून टाकायचं टूल फुकट देतात. दुसरीकडून घेऊ नका.

२. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्स, मग ४ नंबर. हा सेफ मोड. यात राखणदार झोपलेला असतो. आता ते टूल चालवा.

३. परत रीस्टार्ट करा. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आधीपासून असतो. दुसरा राखणदार असला की तो मागं सरतो, जागा मोकळी झाली की पुढं येतो. हिरवी खूण दिसली की झालं. तोपर्यंत बँक उघडू नका.

४. खरं तर सगळं पुसून नवीन विंडोज टाकणं सगळ्यात चांगलं. आमच्या नोंदी भरून झाल्या होत्या म्हणून मी थांबलो, छाटणी उरकली की करणार.

आणि घेण्याआधी दोन गोष्टी विचारा. पहिली, मशीन पुसून दिलंय का, माझ्यासमोर चालू करून दाखवा. दुसरी, त्यावर विंडोज ११ चालतं का. कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि बरीच जुनी मशीनं ११ घेत नाहीत. स्वस्त आहे म्हणून घ्याल आणि अडकाल.

चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. जितका उशीर तितके पैसे लांब जातात.

आपल्यातही आता बरेच जण जुना मोबाईल, जुना लॅपटॉप देतात, भाच्याला, शेजाऱ्याला, दुकानात. देताना आपलं खातं, आपले फोटो, आपला पासवर्ड काढून द्या. बैल विकताना आपण आपली वेसण, आपला कासरा काढून घेतो, तसंच.

टिंग बंद झालं. काल पहिल्यांदा छाटणीच्या तारखा कॉम्प्युटरवर चढवल्या. सूनबाईनं भिजलेली वहीपण जपून ठेवलीय, म्हणते असू द्या.