उपकरणाची मालकी कोणाची?

विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात एखादे मोठे विश्लेषक उपकरण येते, तेव्हा उद्घाटनाचा समारंभ होतो, कुलगुरूंचे भाषण होते आणि उपकरणाच्या किमतीचा आकडा वृत्तपत्रांत छापून येतो. पैसा सार्वजनिक, विद्यापीठ सार्वजनिक, तेव्हा उपकरणही सार्वजनिक, असा सरळ हिशेब सर्वांनी गृहीत धरलेला असतो. परंतु उत्पादनसाधनांच्या मालकीचा विचार करणाऱ्या चळवळीने या हिशेबावर समाधान मानता कामा नये. जे उपकरण चालविण्यास कायम माणूस नाही, बिघडल्यास ज्याची दुरुस्ती स्वतःच्या हाती नाही आणि ज्याच्यापर्यंत गरजवंत पोहोचू शकत नाही, त्याची मालकी पावतीपुरतीच असते.

एन.एम.आर. वर्णपटमापकाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. रेणूतील हायड्रोजन वा कार्बन अणूंची केंद्रके प्रबळ चुंबकीय क्षेत्रात रेडिओलहरींना कसा प्रतिसाद देतात, यावरून हे उपकरण रेणूची रचना उलगडते. त्याच्याविना आज सेंद्रिय रसायनशास्त्राचे पान हलत नाही. एकाच रेणूत निरनिराळ्या जागी असलेले हायड्रोजन अणू निरनिराळे संकेत देतात, हे इथाइल अल्कोहोलच्या तीन संकेतांवरून १९५१ साली दाखविले गेले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनातून आलेल्या त्या निबंधाच्या तीन लेखकांपैकी एक, डॉ. एस. एस. धर्मट्टी, भारतीय होते. पुढे मायदेशी परतून त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विषयाचा संशोधक गट उभा केला.

ज्ञानाच्या प्रारंभी भारतीय हात होता; यंत्र मात्र व्हेरियन या अमेरिकी कंपनीचे झाले. १९६१ मध्ये तिने बाजारात आणलेले ए-६० हे उपकरण रसायनशाळांतून रुळले. भारतात वैज्ञानिक उपकरणांसाठी चंदीगडची केंद्रीय संस्था १९५९ मध्येच स्थापन झाली होती, तरीही विद्यापीठांतील एन.एम.आर. उपकरणे आजही मुख्यतः परदेशी कंपन्यांकडूनच घ्यावी लागतात. या परावलंबनाचा अर्थ २०१४ मध्ये स्पष्ट झाला. व्हेरियन विकत घेणाऱ्या अ‍ॅजिलेंट कंपनीने त्या वर्षी एन.एम.आर.चा व्यवसायच बंद करण्याचे जाहीर केले. ज्या प्रयोगशाळांत व्हेरियनची यंत्रे होती, त्यांच्यापुढे सुटे भाग, संगणकप्रणाली आणि दुरुस्ती यांचा प्रश्न उभा राहिला. चालू स्थितीतील सार्वजनिक संपत्ती एका खाजगी संचालक मंडळाच्या निर्णयाने पोरकी झाली.

जी गोष्ट यंत्राची, तीच त्याला जिवंत ठेवणाऱ्या द्रव्याची. या उपकरणातील अतिवाहक चुंबक उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवावा लागतो आणि हेलियम ठरावीक मुदतीने भरावा लागतो. पातळी फार खाली गेली, तर वेटोळ्याची अतिवाहकता नष्ट होते आणि उरलेला हेलियम काही क्षणांत वायू होऊन निघून जातो. भारताला हेलियम आयात करावा लागतो. जून २०१७ मध्ये शेजारी राष्ट्रांनी कतारची कोंडी केली, तेव्हा तेथील हेलियमचे कारखाने काही काळ बंद पडले. आखाती राजकारणाची झळ अशी रसायनशाळेच्या दारापर्यंत येते. उडून जाणारा वायू गोळा करून पुन्हा द्रवरूप करण्याची सोय करता येते. पण ती प्रत्येक विभागाने स्वतंत्रपणे करण्यासारखी नाही. तिच्यासाठी सामाईक यंत्रणाच हवी.

सामाईक यंत्रणेची कल्पना या देशाला नवी नाही. महागडी उपकरणे एका ठिकाणी ठेवून ती भोवतालच्या सर्व संशोधकांना उपलब्ध करावीत, या हेतूने केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९७० च्या दशकात प्रादेशिक उपकरण केंद्रे सुरू केली. मुंबईच्या आयआयटीतील केंद्र १९७६ चे. नागपूर विद्यापीठालाही असे केंद्र मिळाले. ही कल्पना मूलतः समाजवादी होती. तिची वाढ गरजेच्या प्रमाणात झाली नाही. आडगावच्या महाविद्यालयातील संशोधक विद्यार्थी आपला नमुना डब्यात बंद करून दूरच्या केंद्राकडे पाठवितो, शुल्क भरतो आणि आलेखाची वाट पाहत बसतो. यंत्राच्या खोलीत कधीही न गेलेला हा विद्यार्थी पदवी मिळवितो. यंत्र मात्र त्याच्यासाठी बंद पेटीच राहते.

या पेटीशेजारी बसणाऱ्या माणसाची स्थिती तर अधिकच शोचनीय. कोट्यवधींच्या उपकरणाचा चालक अनेक ठिकाणी अकरा महिन्यांच्या करारावर असतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्याला यंत्राच्या खोडी कळू लागतात, तोच प्रकल्प संपतो आणि तो बाहेर पडतो. खरेदीला अनुदान मिळते. माणसाच्या पगाराला नि देखभालीला पैसा नसतो. भरीस भर म्हणून सार्वजनिक संशोधन संस्थांना उपकरणांवर मिळणारी ५ टक्के वस्तू व सेवा कराची सवलत जुलै २०२२ मध्ये काढून घेण्यात आली आणि बहुतेक उपकरणे १८ टक्क्यांच्या दरात गेली. सरकारने एका हाताने अनुदान द्यावे आणि दुसऱ्या हाताने त्यातला वाटा परत घ्यावा, याला विज्ञानधोरण म्हणता येणार नाही.

जिथे पिण्याचे पाणी नाही तिथे या श्रीमंती यंत्रांची चिंता कशाला, असे काही कार्यकर्ते विचारतील. प्रश्न प्रामाणिक आहे. पण उत्तर मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मिळते. १९८६ च्या आरंभी तेथे डायएथिलीन ग्लायकॉलमिश्रित ग्लिसरीन पोटात गेल्याने १४ रुग्ण दगावले आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली. हे विष ग्लिसरीनपासून वेगळे ओळखण्याचे काम गॅस क्रोमॅटोग्राफ करू शकतो. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशांमुळे युरोपने महाराष्ट्रातील द्राक्षे अडविली, तेव्हा नाशिकच्या बागाईतदाराचे भवितव्यही अशाच उपकरणांच्या आलेखावर लटकले होते. शासकीय तपासणी प्रयोगशाळेत बसणारा विश्लेषक विद्यापीठातूनच घडतो. त्याचे शिक्षण यंत्राला हात न लावता झाले असेल, तर त्याची किंमत श्रीमंत मोजत नाहीत. सरकारी दवाखान्यातला रुग्ण आणि कर्जबाजारी शेतकरी मोजतात.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. विभागीय पातळीवर सामाईक उपकरण केंद्रे हवीत आणि तेथे विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने काम करण्याचा हक्क हवा. तंत्रज्ञांची पदे कायम हवीत. खरेदीच्या करारातच दुरुस्तीची पुस्तिका, सुट्या भागांची हमी आणि स्थानिक तंत्रज्ञांचे प्रशिक्षण यांची अट हवी. सार्वजनिक संशोधनाच्या उपकरणांवरील कराचा बोजा उतरला पाहिजे. आणि देशी उपकरणनिर्मितीला मोठी यंत्रे येईपर्यंत न थांबता साध्या वर्णपटमापकापासून, क्रोमॅटोग्राफपासून सरकारी मागणीचा आधार मिळाला पाहिजे. विद्यापीठांच्या अधिसभांवर निवडून जाणाऱ्या पुरोगामी सदस्यांनी अर्थसंकल्पाच्या चर्चेत ‘किती उपकरणे घेतली?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘त्यांतील किती चालू आहेत, कोण चालवितो आणि कोणासाठी?’ हेही विचारावे. उपकरणाची खरी मालकी या तीन उत्तरांतून ठरते.